मोठीची दृष्ट

माहेर माहं काटोलकडलं, लग्न होऊन वाडीले आली. आमचे हे गोदामात हमाल, आन त्याच गोदामात लहान लेकराईच्या दुधाच्या पावडरचा माल उतरे. मले लेकरं दोन, मोठी कुसुम, धाकटा गजू. कुसुमले गोवर निघाला तवापासून तिनं अंग धरलंच नाही, आन गजू असा गुटगुटीत का रस्त्यानं जाणारी बाई बी थांबून गाल ओढे. एक दिवस ह्यायची शिदोरी घेऊन गेली, कडेवर गजू, तं कंपनीचा साहेब म्हणे बाई, पोराले घेऊन आमच्या संग चला, महिला मंडळात सांगा का हा आमच्या पावडरवर वाढला. आता काय सांगू तुमाले, गजू तं माह्याच दुधावर वाढला होता. पण साहेब जीपमंदी बसवे, साडी दे, आन मी बोलली का बाया कान देऊन आयकत, घरी कोण आयकते आपलं? मले ते गोड लागलं.

साहेब म्हणे मोठीले नका आणू, बरं नाही दिसत. मी बी नाही आणे, शेजारणीपाशी ठेवून जाओ. एकदा शेजारीण गावाले गेली होती, म्हणून कुसुमले हुडकेश्वरच्या कार्यक्रमाले न्यावं लागलं. मागं बसवली, हालू नको म्हटलं. मी बोलून राहिली होती तं ते आली आन पदर धरला, म्हणे आई, भूक लागली. समोरच्या बाईनं इचारलं, हे कोणाची वं? साहेब माह्याकडं पाहून राहिला. मी म्हटलं, शेजारणीची आहे. कुसुमनं पदर सोडला. मंग हळूच म्हणे, काकू, भूक लागली. एवढीशी पोरगी, तिले समजलं बावा.

घरी आली का मी रोज गजूची दृष्ट काढो. मीठ-मिरच्या कुसुमच आणून दे. त्या दिवशी म्हणे, माही काहून नाही काढत वं आई? मले आधीच कसंतरी होऊन राहिलं होतं, त्याचाच राग आला, म्हटलं तुले कोणाची लागते नजर? ते चुलीपाशी जाऊन बसली. आन मी जाणं बंद केलं असंबी नाही, गजू पळाले लागला तोवर जातच होती.

आता कुसुम खापरखेड्याले दिली आहे, नवरा चांगला आहे. परवा आली तं म्हटलं बस, तुही दृष्ट काढते. हासली, म्हणे आता काय वं आई, पण बसली. मीठ-मिरच्या उतरवल्या, इंगळावर टाकल्या. नजर लागली असली तं मिरच्याईचा ठसका लागत नाही, हे तं तुमालेबी ठाऊक असंल. मले वाटे ठसका लागू नये, माह्या पोरीवर बी कोणाची नजर पडली असंल कधी. पण घरभर असा ठसका उठला का कुसुमचे डोळे वाहाले लागले. म्हणे पाह्य आई, काहीच नव्हतं.

मी दार उघडलं. सुखी राहो माही पोरगी. कोणी पाह्यलंच नाही तिच्याकडं, म्याबी नाही.