आपण कोण, कोणाचे?

सभेचे अध्यक्ष सूर्यभानअप्पा, व्यासपीठावरील पाहुणे, वाचनालयाचे सभासद, समोरच्या माताभगिनी आणि कोपरगावला निघाले म्हणून आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते ज्ञानेश्वर, सर्वांना जयभीम आणि नमस्कार. भाषण केव्हाच लिहून ठेवायला सांगितलं होतं, मी ते आज दुपारी लिहिलं. उशिराबद्दल माफी असावी. चित्त थाऱ्यावर नाही.

ज्ञानेश्वरांनी जामखेडच्या या वाचनालयात कॉम्प्युटर बसवला आणि साऱ्या गावासाठी ईमेलची एक पेटी उघडली. पेटीत आधी काय आलं? वजन कमी करायच्या गोळ्यांच्या जाहिराती. आमच्या कोरड्या तालुक्यात जादा वजन आहे कुणाकडे? जाहिराती उतरवण्यातच फोनची लाइन अडकायची, खरी पत्रं मागे राहायची. मग कमिटी बसली. अप्पा म्हणाले, "दारात नवा मानूस आला की आपन इचारतोच ना, पाव्हनं कुठलं? मशीनला बी इचारू द्या." सगळ्यांनी हात वर केले.

तेव्हापासून अनोळखी पत्त्यावरून आलेलं पत्र अडवून मशीन उलट लिहितं: आपण कोण, कोणाचे, ते कळवावे. जाहिराती बंद झाल्या, हे मान्य. अप्पांच्या मेहुण्याची पत्रंही बंद झाली, पण त्यावर अप्पांची तक्रार नाही.

माझी मुलगी प्रज्ञा मस्कतला नर्स आहे. मागच्या महिन्यात तिने मैत्रिणीच्या पत्त्यावरून लिहिलं, "दादा, नवऱ्याचं घर सोडलंय. लेकराला घेऊन तुमच्याकडे येऊ का? तुम्ही हो म्हणालात तरच येते."

तिला उत्तर गेलं, आपण कोण, कोणाचे?

अडकलेलं पत्र माझ्या हाती आलं आठवड्यानं. मी लगेच 'ये' असं कळवलं. तिच्याकडून अजून काही नाही. प्रज्ञाची आई, आमची भिमाबाई, रोज म्हणते, "पोरीला काय वाटलं आसंल वो? बापानंच वळख इचारली." कमिटीकडे गेलो, तर अप्पा म्हणाले, "सहादू, नेम सगळ्यांला सारखा. पोरीनं आधी वळख द्यायची हुती." आता बापाला ओळख कशी द्यायची असते, हे अध्यक्षांनी आपल्या भाषणात सांगावं.

ज्ञानेश्वर, तुमच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. पेटी कोपरगावहूनही उघडता येते, असं तुम्हीच म्हणालात. जाताजाता तेवढा नियम काढा. येऊ द्या जाहिराती, मी रोज इथे बसून त्या निवडत जाईन.

तुम्ही गावासाठी पुष्कळ केलंत, त्याबद्दल आभार. तोंडून कमीजास्त गेलं असेल तर पोटात घाला. तिथून तुम्हीही पेटी रोज बघत जा, माझ्या नजरेतून काही सुटायला नको. प्रज्ञाचं काही आलं तर लगेच फोन करा. आलं नसेल, तर तेही लवकर कळवा.