नाव मी घेतलं नव्हतं

...आणि वर मलाच विचारतात, असं का केलंत म्हणून! अहो, केलं काय मी? नाव घेतलं का? नाही घेतलं. वर्गासमोर उभा राहून मी फक्त एवढंच म्हणालो, की माझ्या माहितीतल्या एक बाई आहेत... आता माझ्या माहितीत बायकांचा काय तोटा आहे? बायको आहे, तिच्या तीन बहिणी आहेत, पावाच्या दुकानातली ती सदा फणकारलेली बाई आहे, कुणीही असू शकली असती! पण नाही. वर्गात माणसं चौदा, त्यातल्या बारा माना एकदम उजवीकडे वळल्या, तिथे माझी थोरली बहीण बसली होती, आणि मग तितक्याच शिस्तीत डावीकडे वळल्या, तिथे नर्सबाई बसल्या होत्या. मी बघतोय. खडू हातात. आणि मनात म्हणतोय, मेलो.

तुम्हाला सांगतो, नाव मी घेतलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस मुळात शिकवायला उभा कशाला राहिला? बरोबर आहे. मी तरी कुठे म्हणत होतो मला राहू द्या? जकात खात्यात चौतीस वर्षं कारकुनी केली, निवृत्त झालो, म्हटलं आता दुपारी झोपावं आणि जाग आली तर वाचावं. पण पाळकसाहेबांना कुणीतरी सांगितलं, की यांच्या घरी पुस्तकं फार आहेत. झालं! ज्याच्या घरी पुस्तकं असतात त्याला सगळं येतं, अशी त्यांची समजूत, आणि ती खोडून काढण्याइतका प्रामाणिकपणा मला तेव्हा जमला नाही. दर रविवारी उपासनेआधी मोठ्या माणसांचा वर्ग, चाळीस मिनिटं, चर्चच्या मागच्या खोलीत. खोली खरी लहान मुलांची. खुर्च्याही त्यांच्याच. त्यामुळे माझे विद्यार्थी, म्हणजे एक निवृत्त हेडमास्तर, एक घड्याळवाला, बसचा ड्रायव्हर वगैरे वजनदार मंडळी, गुडघे हनुवटीला लावून बसलेली असतात आणि भिंतीवर रंगवलेला जिराफ त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत असतो.

तयारी मी कशी करतो म्हणता? सोमवारी पाठ वाचायचा, मंगळवारी जाडजूड ग्रंथ काढून त्यावर कोण काय म्हणालं ते बघायचं, बुधवारी मुद्दे, गुरुवारी उपमुद्दे, शुक्रवारी सुवाच्य अक्षरात एका कागदावर उतरवून चौदा झेरॉक्स, आणि शनिवारी ते सगळं बायकोला वाचून दाखवायचं. ती ऐकते. भाजी निवडता निवडता ऐकते आणि शेवटी एकच विचारते, "झालं?" खात्यात इतक्या मेहनतीनं मी एकही फाईल केली नव्हती. आणि रविवारी काय होतं? पहिला मुद्दा संपायच्या आत ड्रायव्हर झोपतो. ताठ बसून, डोळे उघडे ठेवून झोपतो, त्याच्या धंद्याच्या मानानं ही कला काळजी करण्यासारखीच आहे, पण ते असो.

पाळकसाहेब म्हणाले, पाठ उत्तम असतो तुमचा, पण जरा जीवनातलं उदाहरण घालत जा. घातलं! पहिल्यांदा बायकोचंच घातलं, नाव न घेता. त्याचं पुढे घरी काय झालं ते इथे सांगत नाही, पण बायको हे उदाहरणांचं क्षेत्र तेव्हापासून कायमचं बंद झालं.

तर मागल्या महिन्यातला तो पाठ. विषय काय, तर माणसानं माणसाचा अपराध केला तर काय करायचं. शास्त्रात, म्हणजे आमच्या बायबलात, पायऱ्या दिल्यात, कारकुनाला आवडाव्यात इतक्या नेटक्या. पहिली पायरी, ज्यानं अपराध केला त्याच्याकडे एकट्यानं जा आणि एकांतात सांग. नाही ऐकलं तर दुसरी, एक-दोन साक्षीदार घेऊन जा. तरी नाही ऐकलं तर तिसरी, सगळ्या मंडळीला सांग. चौथीही आहे एक, पण ती मी कागदावर घेतली नाही. जागा पुरत नव्हती... असं समजा.

म्हणजे बघा, एखाद्याची चूक आधी एकांतात सांगावी, चारचौघांत नव्हे, हे मला शिकवायचं होतं. आणि ते शिकवायला मी उदाहरण घेतलं सख्ख्या बहिणीचं. चारचौघांत नाही, चौदा जणांत!

गोष्ट साधी होती. ताईनं नऊ वर्षांपूर्वी नर्सबाईंना शिलाई मशीन वापरायला दिलं. दोघी एकाच इमारतीत, ताई तिसऱ्या मजल्यावर, नर्सबाई पहिल्या. नर्सबाईंच्या हातून सुई मोडली. त्यांनी नवी सुई बसवली, मशीनला तेल दिलं, पुसून लख्ख करून परत केलं. आणि त्या दिवसापासून ताईनं बोलणं टाकलं. नऊ वर्षं! जिन्यात समोरासमोर आल्या की एक भिंतीकडे बघते, एक कठड्याकडे. मी म्हटलं, बघा, चार आण्याच्या सुईपायी... वर्ग हसला. ड्रायव्हर जागा झाला! हेडमास्तर रुमाल डोळ्यांना लावून हसले. आणि काय सांगू तुम्हाला, दीड वर्षात पहिल्यांदा मला वाटलं, शिकवता येतं आपल्याला. मग मी जिन्यात भिंतीकडे बघणारी ताई करून दाखवली. मान वाकडी करून. तेव्हा वळल्या त्या माना.

पण नाव मी घेतलं नव्हतं.

आता खरं सांगायचं तर... म्हणजे सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हालाही अर्धंच सांगितल्यासारखं होईल. ती सुई भावोजींनी बसवलेली होती. ताईची नजर आधीपासून अधू, मशीनची सुई बदलायची तर भावोजींनी बदलायची, दोरा ओवून द्यायचा तर त्यांनीच, 'मालकीणबाई, गाडी तयार आहे' असं म्हणायचे आणि बाजूला व्हायचे. ते गेले त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी बसवलेली ती सुई. तेव्हापासून ताईनं मशीनवर काही शिवलंच नाही, ती सुई झिजू नये म्हणून. मग नर्सबाई दारात आल्या, घाईचं काम होतं, चर्चमधलं माणूस, नाही कसं म्हणायचं? आणि परत आली ती नवीकोरी सुई. जुनी केव्हाच केराच्या टोपलीत. आता याबद्दल कुणावर रागवणार? आणि न रागावून तरी काय करणार? हे ताईनं आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं. माझ्या स्वयंपाकघरात बसून, बायको बाहेर गेली असताना. मला हे सगळं माहीत होतं हो. शनिवारी कागदावर लिहिलंसुद्धा होतं. मग वाचून बघितलं, म्हटलं, हे घातलं तर कुणी हसणार नाही. काट मारली.

त्या रविवारी मंडळी पांगली आणि नर्सबाई तडक तिसऱ्या मजल्यावर गेल्या. त्यांनाही झोंबलंच असणार, त्यांचीही शोभा झाली होती. दारात उभ्या राहून म्हणाल्या म्हणे, नवी सुई घातली होती ना मी, मग माझं चुकलं काय ते एकदा सांगून टाका. ताईनं सांगितलं. नर्सबाई दारातच बसल्या. नऊ वर्षांचा अबोला, संध्याकाळपर्यंत संपला! आणि संपल्या संपल्या दोघींनी मिळून माझा कागद वाचायला घेतला.

सोमवारी ताई आली. एकटी. मी खिडकीतून बघितली आणि आतल्या खोलीत गेलो. बायकोला म्हटलं, मी बाहेर गेलोय. तिनं ताईला बसवलं, चहा केला, आणि दोघी तास-दीड तास बाहेरच्या खोलीत बसल्या, दाराशी माझ्या चपला आणि आत मी, मांडीवर शास्त्र उघडून, पान उलटलं तर आवाज होईल म्हणून एकाच पानावर. जाताना ताई दाराकडे तोंड करून, जरा मोठ्यानंच म्हणाली, "एकांतात आले होते म्हणावं."

बुधवारी दोघी आल्या. तिसऱ्या मजल्यावरची आणि पहिल्या मजल्यावरची हातात हात घालून रस्त्यानं चालल्यात, हे बघायला अख्खी इमारत खिडक्यांत. या वेळी मी दार उघडलं. आणि तोंड उघडल्या उघडल्या काय म्हणालो असेन?

"ताई, नाव मी घेतलं नव्हतं."

नर्सबाईंनी पिशवीतून माझा झेरॉक्स काढला आणि दुसऱ्या पायरीवर बोट ठेवलं. साक्षीदार! ताई फक्त एक वाक्य बोलली. "तुला सुईचं माहीत होतं." आणि मी म्हणालो... काय म्हणालो ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. म्हणालो, "पाठ चाळीस मिनिटांचाच असतो, ताई." असं उत्तर सुचायला चौतीस वर्षं खिडकीमागे बसावं लागतं. त्या पायऱ्या उतरल्या आणि बायको त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

आणि गुरुवारी पाळकसाहेब! रस्त्यात गाठलं, माझे दोन्ही हात हातात घेतले, म्हणाले, नऊ वर्षं मला जमलं नाही ते तुमच्या एका पाठानं केलं, हे तुमच्या शिकवण्याचं फळ. मग मी काय केलं? मान लववली. नम्रतेनं! तुम्ही ती नम्रता बघायला हवी होती.

मग रविवार. मी खडू घेऊन उभा, जिराफ समोर, आणि ताईनं हात वर केला. त्र्याहत्तर वर्षांची बाई, त्या चिमुकल्या खुर्चीतून उठायला नर्सबाईंचा खांदा धरावा लागला. उठली. म्हणाली, "जीवनातलं एक उदाहरण आहे. माझ्या माहितीतला एक भाऊ आहे. नाव मी घेणार नाही."

माना वळवायची गरजच नव्हती. मी समोरच उभा होतो.

"बहिणीनं त्याला विश्वासानं एक गोष्ट सांगितली होती. ती त्यानं लोकांना सांगितली, त्याचंसुद्धा तिला एवढं नाही. पण अर्धी सांगितली. तिच्या नवऱ्याला त्यातून काढून टाकलं." मग तिनं सुईचं सांगितलं, चार वाक्यांत, रडली नाही. माझ्या उपमुद्द्यांतून जे दीड वर्षात झालं नाही ते त्या चार वाक्यांत झालं, ड्रायव्हर खरोखरच जागा होता. पुढे म्हणाली, "एकटी गेले, तर तो चपला घरी ठेवून बाहेर गेला होता. साक्षीदार घेऊन गेले, तर म्हणाला, पाठ चाळीस मिनिटांचा असतो. आता मंडळीला सांगतेय."

माझ्या तोंडावर आलं होतं हो, अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं, की ताई, नाव मी... पण तिच्याकडे बघितलं आणि ते वाक्य कुठे गेलं कुणास ठाऊक. म्हटलं, "चुकलो, ताई. काट मी मारली. तुला सगळे हसावेत म्हणून मारली."

ताईनं मान हलवली, खाली बसू लागली. इथे थांबलं असतं तर बरं होतं! पण नर्सबाईंनी मांडीवर शास्त्र उघडलेलं, चष्मा सावरून म्हणतात, "यांच्या कागदावर पायऱ्या तीन, इथे तर चार दिसतात." आणि वाचली की चौथी! मंडळीचंही ऐकलं नाही, तर त्या माणसाला परका समजावं, जकातदार समजावं. त्या काळी जकातदार म्हणजे माणसातून उठलेला माणूस, त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, जेवायचं नाही. हेडमास्तरांनी विचारलं, ही का हो गाळलीत? म्हटलं, जागा पुरली नाही. बारा जण माझ्याकडे बघतायत. जिराफ तेरावा.

तेव्हा ताई म्हणाली, "असू दे. ऐकलंय त्यानं. आणि नसतं ऐकलं तरी याला आणखी काय जकातदार समजायचं? चौतीस वर्षं आम्ही समजूनच घेतोय."

असा हशा मी त्या खोलीत कधी ऐकला नाही. पाळकसाहेब दारात उभे राहून ऐकत होते, ते आत आले आणि त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पुढच्या रविवारपासून वर्ग ताई घेणार. तिला तयारी लागत नाही, झेरॉक्स लागत नाही. मला मात्र यायला सांगितलंय, अगदी न चुकता, आणि पहिल्या रांगेत मधली खुर्ची राखून ठेवलीय. उदाहरण सगळ्यांना नीट दिसायला हवं ना! म्हणजे काळजीचं कारण नाही म्हणा. नाव ती घेणार नाहीये.