माझ्या रडण्यामागे बासरी

– नाही, नाही, बसा आधी. दम लागला असेल. लिफ्ट बंद आहे हे फोनवर सांगायचं राहून गेलं माझं. राहून कशाला म्हणू – सांगितलंच नाही. म्हटलं, येऊ देत सात मजले चढत, पुण्याबाहेर हे मांजरी गाव कुठे आहे ते पायांना तरी कळू दे. पाणी घ्या. ती बॅग खाली ठेवा. कॅमेरा आहे ना तिच्यात? असू दे, आतच असू दे. बोलायला बोलावलंय मी तुम्हाला, शूटिंगला नाही. आणि हे बघा आमोद, मावशी म्हणू नका. पाच वर्षांपूर्वी बोपोडीच्या जुन्या घरी म्हणालात तेव्हा ऐकून घेतलं. महापालिकेच्या शाळेत उभा जन्म गेला माझा, तुमच्याएवढी माणसं रस्त्यात वाकून नमस्कार करतात, ओव्हाळबाई म्हणतात. तुम्हीही बाई म्हणा. मावशी कसली? तुमच्या आईला मी पाहिलेलंसुद्धा नाही, तिची बहीण कधी झाले मी?

तुमच्या फिल्ममध्ये माझ्या तोंडाखाली काय अक्षरं होती, आठवतं? नसेल आठवत. मला आठवतं. ‘शालनमावशी, वस्तीतील महिला.’ वस्ती! पंचशील कॉलनी, कमानीवर नाव होतं मोठ्या अक्षरांत, पक्की घरं, दारात स्कूटर – पण नाही, वस्ती. वस्तीतील महिला. एम.ए. झालेय मी, अहो, दोन मुलं पदरात असताना झालेय. ते लिहायला जागा नव्हती? चष्मा काढा म्हणालात, काच चमकते. बरं, काढला. मग घड्याळ काढा म्हणालात. घड्याळ काय चमकत होतं? पुस्तकांचं कपाट मागे यायला लागलं तर मला तिथून उठवलंत आणि मोरीशेजारच्या भिंतीला नेऊन बसवलंत. घरात ओल होती ती तेवढ्याच भिंतीला. ‘उजेड इथे चांगला आहे, मावशी.’ आणि मी बसले! तीस वर्षं पोरांच्या थापा ओळखण्यात गेली माझी, आणि तुमची ओळखता आली नाही. बाबासाहेबांचा फोटो तेवढा घेतलात, चौकटीत अगदी नीट बसवून. त्यांच्यासमोर बसून मी काय बोलले, ते नाही घेतलंत.

काय बोलले होते मी? सांगा ना. नाही? मी सांगते. मी दोन्ही बाजूंनी बोलले होते. रस्ता रुंद होणार होता, हिंजवडीला जाणाऱ्या कंपन्यांच्या बसेससाठी, आणि आमची पुढची रांग त्यात जाणार होती. आमचं घर पुढच्या रांगेत. नगरसेवक वैजनाथराव, रस्ता त्यांनी आणलेला, निवडणूक तोंडावर, आणि तुमची फिल्म त्यांना पाडायला. तर मी म्हटलं, माणूस आडमुठा आहे, गटार तुंबलं की फोन उचलत नाही, आपल्या पुढे-पुढे करणाऱ्यांचं तेवढं बघतो. हे ठेवलंत. मग मी म्हटलं, पण पुढच्या रांगेला शाळेच्या मागे, त्याच वॉर्डात घरं द्यायचं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलंय, जागा दाखवलीय, आणि हा रस्ता झाला तर आमच्याच पोरी त्या बसमधून जातील. हे कुठे गेलं? कापलंत. माझं काही ठरलेलं नव्हतं, आमोद. खरंच नव्हतं ठरलं. तुम्ही विचारलंत, मत कोणाला? मी म्हटलं, अजून बघतेय. तेही कापलंत. कुंपणावरचा माणूस फिल्ममध्ये शोभत नाही, असंच ना?

आणि मग फोन वाजला. आता तरी मान वर करा. फोन वाजला, तुमचा कॅमेरा चालू होता. आम्रपालीचा फोन. ‘आई, झालं सिलेक्शन.’ एवढंच ऐकलं मी. आमच्या घरात माझ्या सासऱ्यांनी रस्ते झाडले, आमचे हे फॅक्टरीत फिटर, मी शाळेत, आणि पोरगी कॉम्प्युटरच्या कंपनीत – मला बोलताच येईना. यांनी माझ्या हातातून फोन घेतला, तुमच्या कॅमेऱ्यामागे उभं राहून ओरडले, ‘अगं, आनंदानं रडतेय ती!’ आणि मी पदर तोंडाला लावून तिथेच, त्याच भिंतीशी, ढसाढसा. मग हे कात्रज डेअरीचे पेढे घेऊन आले. खाल्लेत ना तुम्ही? तुमच्या कॅमेरावाल्यानं तर दुसरा मागून घेतला. पेढा खाऊन माझ्या पाया पडलात तुम्ही, ‘अभिनंदन मावशी’ म्हणालात. आणि पंधरा दिवसांनी विहाराच्या हॉलमध्ये पडद्यावर काय? आधी बुलडोझर – तो आमच्याकडचा नव्हताच, कुठला होता देव जाणे – मग घरं खाली करायची नोटीस, मग मी. पदर तोंडाला. ढसाढसा. आणि मागे बासरी. फोन नाही, पेढा नाही, हे नाहीत. बासरी.

हसू नका. हसलात तुम्ही, ओठ हलले. राग येतो मला, अजून येतो, चहा करताना येतो, झोपायला टेकलं की येतो. आणि परवा तुमचा फोन, ‘मावशी, नवी फिल्म करतोय, पाच वर्षांनंतर शालनमावशी कुठे आहेत असं दाखवायचंय.’ कोणासाठी करताय, विचारलं तर चाचरलात. मला कळलंय. वैजनाथरावांसाठी! ज्याला पाडायला मला रडवलंत, त्यालाच निवडून आणायला आता पुन्हा रडवायचंय! ‘बघा, वैजनाथराव पडले आणि या बिचाऱ्या कुठे फेकल्या गेल्या.’ असंच ना? कमाल आहे बाई तुमची. धोतर तेच, फक्त उलटं नेसायचं. त्या वेळी पेपरात छापून आणलंत, आमच्या फिल्मनं वॉर्ड फिरवला म्हणून. कोण फिरलं हो? वैजनाथराव पडले ते त्यांचा पुतण्या बंडखोरी करून उभा राहिला म्हणून. घरात मतं फुटली त्यांच्या. तुमची फिल्म बघायला कोण आलं होतं? ज्यांचं आधीच ठरलेलं ते. टाळ्या वाजवायलाच आले होते, वाजवल्या. वैजनाथरावांची माणसं आली ती मध्येच उठून गेली, आणि जी थोडीफार ढिली होती ती दुसऱ्या दिवसापासून घट्ट झाली – आमच्या शेजारचा सुखदेव, त्याचं वैजनाथरावांशी भांडण, तो तुमची फिल्म बघून चिडला आणि त्यांचा झेंडा घेऊन फिरायला लागला. आणि ज्यांचं ठरलेलं नव्हतं ते? ते घरी. भाकऱ्या थापत होते, पोरांचा अभ्यास घेत होते. ज्याचं ठरलेलं नसतं तो दीड तास अंधारात बसून बासरी ऐकायला येत नाही.

मला विचारा. निवडणुकीची ड्यूटी मास्तरांच्याच नशिबी, किती वर्षं शाई लावली मी लोकांच्या बोटांना. पुठ्ठ्याच्या आडोशामागे कोण काय करतंय दिसत नाही, पण ऐकू येतं. आधी शिक्क्याचा ठप्प आवाज यायचा, मग मशीन आलं, बीप. ठरवून आलेला माणूस आत गेला की लगेच बीप. आणि ज्याचं ठरलेलं नाही त्याची बीप येतच नाही. नुसते पाय दिसतात पुठ्ठ्याखाली. या पायावरून त्या पायावर. रांगेतले लोक ओरडतात, अहो, झोपलात का? मला अशा माणसांचं फार कौतुक वाटायचं. म्हटलं, हा खरा मतदार, हा विचार करतोय. अशांना तुमची फिल्म पटते होय? एकाला पटली नसेल. एकालाही नाही. लिहून देते.

एकीला पटली.

काही नाही. काही नाही म्हटलं ना. चहा ठेवू?

… बरं. आता तोंडातून गेलंच आहे तर ऐका. हॉलमध्ये मी पहिल्या रांगेत होते. माझं तोंड पडद्यावर आलं तशी मी हसले, शेजारी सुंदराबाई, तिला कोपरानं ढोसलं, म्हटलं, अगं, हे तर आम्रपालीच्या नोकरीचं रडू! ती हसली नाही. ती डोळे पुसत होती. मग ती बासरी वाढली, आणि ती पडद्यावरची बाई – चष्मा नाही, घड्याळ नाही, ओल आलेली भिंत, कोणी नाही बिचारीला – आणि माझा पदर डोळ्यांना लागला. माझाच! मला माहीत होतं खोटं आहे, माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? मीच होते ती! आणि तरी रडले मी, तिच्यासाठी. मतदानाला गेले तर बूथ माझ्याच शाळेत, शाई लावायला आमच्यातलीच एक शिक्षिका, सत्यशीला. आडोशामागे गेले आणि उभी राहिले. या पायावरून त्या पायावर. शाळेमागची घरं आठवायची होती, गटार आठवायचं होतं, हिशेबानं विचार करायचा होता. डोळ्यांसमोर तीच बाई. बाहेरून सत्यशीला म्हणते, ‘बाई, झालं का?’ आणि मी दाबलं. वैजनाथरावांच्या विरुद्ध दाबलं. त्या बाईसाठी. जी नव्हतीच, तिच्यासाठी.

बघू नका असं माझ्याकडे. तुम्हाला वाटत असेल, वा, फिल्म चालली की! चालली. रस्ता नव्या नगरसेवकानं केलाच, आणखी लवकर केला, आणि शाळेमागची घरं? तो वैजनाथरावांचा शब्द, मी कशाला पाळू, म्हणाला. बरोबरच आहे त्याचं. पण त्याचंही नाही एवढं. घर गेलं, जाऊ दे. विटा होत्या. आम्रपाली मात्र – तिच्या कंपनीत कुणीतरी तुमची सीडी लावली लॅपटॉपवर, कॅन्टीनमध्ये. घरी आली. जेवताना म्हणाली, ‘आई, मी फोन केला तेव्हा तू घरासाठी रडत होतीस. मला वाटलं, माझ्यासाठी.’ चिडली असती तर बरं झालं असतं. मी सांगितलं, यांनी सांगितलं, शपथा घेतल्या. ऐकून घेतलं तिनं. म्हणते, बाबांनी तेव्हाही पांघरूण घातलं, आताही घालताहेत. तेव्हापासून एकच, आईला घर. हा फ्लॅट तिच्या कर्जावर आहे. बंगळूरला असते, एका खोलीत चार पोरी. चेतन म्हणून मुलगा होता, चांगला होता हो, दोन वर्षं थांबला तिच्यासाठी. आधी आईचं घर फिटू दे, म्हणाली. मग नाही थांबला तो. मी म्हणते, विकून टाक हा फ्लॅट, मी कुठेही राहीन, मला काही दुःख नव्हतं गं तेव्हा, मी सुखात होते. तर म्हणते, मी पाहिलंय ना तुला रडताना.

आता कळलं का बोलावलं ते? मला ती टेप हवी. फिल्म नको, मूळ टेप, न कापलेली. तिच्यात फोन वाजतो. तिच्यात यांचा आवाज आहे. हे गेले आता, दोन वर्षं झाली, साक्षीला कोणी उरलं नाही. आणि खरं सांगू – मला स्वतःलाच हवीय. तो दिवस आठवायला गेले ना, की आता फोनची रिंग ऐकू येत नाही. बासरी येते. माझ्या आयुष्यातला एवढा चांगला दिवस, आणि त्याला बासरी येते! आणलीत का टेप? फोनवर बघतो म्हणाला होतात.

… काय? नीट बोला. त्याच टेपवर दुसरं शूट केलंत. कसलं? लग्नाचं. बरं. टेपा महाग होत्या. असतील.

मग तुम्ही सांगा. तुम्ही होतात ना तिथे? पेढा खाल्लात ना? तिला एवढंच सांगा, मी होतो, फोन आला, तुझी आई आनंदानं रडली. दोन वाक्यं. तुमचं ऐकेल ती, फिल्म तुमची होती. आत्ता जेवायची सुट्टी असेल तिची, लावते मी. थांबा, उठू नका. – हॅलो, आम्रपाली? जेवलीस का? अगं, एक जण आलेत इथे, त्यांना तुला काही सांगायचंय, नीट ऐक हं, देते त्यांच्याकडे. – घ्या. घ्या ना. … बॅग कशाला उघडताय? एक मिनिट कशाला? काय? हे रेकॉर्डच करू? खिडकीशी बसू मी? हो का. उजेड तिथे चांगला आहे.

– नाही गं, तुला नाही म्हटलं. नाही, कुणी नाही. चुकून आले होते ते, घर चुकले. आवाजाला काही झालं नाही माझ्या. नाही रडत, खरंच नाही रडत, जिने चढून आलेय आत्ता. तू डब्याला काय आणलंस ते सांग. थांब जरा –

कॅमेरा आधी बॅगेत घाला. मग बूट घाला. दार ओढून घ्या जाताना, खालून दोनदा ओढावं लागतं.

– हं, बोल गं.