चुकीची उत्तरं देणारे यजमान

पन्नाशीत मी ई-लर्निंगच्या एम.ए.ला बसले, तेव्हा न हसलेले एकटे आमचे हेच. तरीही शेवटच्या प्रोजेक्टच्या वेळी यांच्यावर मी इतकी का चिडले, ते ऐका.

बेंगळुरूत नव्याने आलेल्यांसाठी मी संगणकावरचा एक धडा केला होता: चिकपेटच्या बाजारात कन्नडमधून साडी कशी घ्यायची. पडद्यावरचा दुकानदार प्रश्न विचारणार, आपण उत्तर निवडायचं. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी यांना म्हटलं, "जरा चालवून बघता का?"

पहिलं उत्तर चुकलं. दुसरंही. तिसऱ्या चुकीला दुकानदार साडी उलगडून जो थिजला, तो हलेचना.

"अहो, मुद्दाम चुकताय ना?"

"मग? कारखान्यात जन्मभर यंत्रं मोडून बघण्याचाच पगार घेतला. आणि ज्याला बरोबर उत्तर येतं, त्याला तुझा धडा हवाय कशाला?"

धुसफुसत का होईना, दिवसभर बसून दुरुस्त केलं. हे शेजारी बसून चुकत राहिले.

दुसऱ्या दिवशी परीक्षक बाई दिल्लीच्या, कन्नडचा गंध नाही. त्या सलग तीनदा चुकल्या. पण दुकानदार हसला, "स्वल्प इरी, अक्का," म्हणजे जरा थांबा ताई, असं म्हणाला आणि हिंदीतून पुन्हा समजावू लागला.

"याला एवढा धीर कुणी शिकवला?" बाईंनी विचारलं.

मी शेवटचा पडदा उघडला. तिथे लिहिलं होतं: 'आवाज, चित्रं, लेखन: मी. चुकीची उत्तरं: आमचे हे.'