पाकिटाची डाळ

...आणि वर मलाच विचारतात, "शालिग्रामभाऊ, सवलत आहे, घेत का नाही?" अरे, घेत का नाही म्हणजे? सवलत काय बोराच्या झाडाला लागलीय, की फांदी हलवली अन् खाली झोळी धरली? तुम्हाला सांगतो, दहा महिने झाले, माझी डाळमिल बंद आहे. जळगावात, एमआयडीसीत, मागच्या गल्लीत, बापानं उभी केलेली पत्र्याची शेड! मंदी आली, बाहेरची डाळ स्वस्त, इथली तूर महाग, मशीन थांबलं. आता पट्ट्यावर उंदीर फिरतात, तेही वाळलेले! मिल बंद, कामगार घरी, कर मात्र रोज कामावर हजर! आणि नाही भरला तर महिनाअखेरीला शेडला सील. तेवढ्यात पेपरात पहिल्या पानावर बातमी, मंदीत खासगी उद्योगांना करमाफी. सवलत आहे, भाऊ, सवलत!

गेलो आमच्या कर सल्लागाराकडे, नीलेशकडे. पोरगा हुशार, पण बोलतो असा की जणू सरकार त्याच्या तोंडातून बोलतंय. "काका, दोनच अटी. एक, धंदा बंद पाहिजे. दोन, धंदा चालू असल्याचा दाखला पाहिजे." म्हटलं, नीलेश, सकाळी चहा घेतला ना रे? "नियम आहे काका! बंद धंद्याला माफी कशी देणार, तो तर बंदच आहे ना!" मग अर्ज. त्यात विचारलंय, संकटाचा प्रकार कोणता? पूर, आग, भूकंप, इतर. मंदी नाहीच! ज्या मंदीसाठी सवलत काढली ती मंदीच यादीत नाही! 'इतर'वर टिचकी मारली, तर म्हणे 'इतर'चा पंचनामा जोडा. मग बंद मशीनशेजारी मालकाचा फोटो. राहिलो उभा. नीलेश म्हणतो, "काका, हसू नका, अर्ज फेटाळतील." अरे, हसतंय कोण? माझं तोंडच तसं आहे!

बरं, झालं, अर्ज गेला. तपासणीला साहेब आले, ते कधी? दुपारी साडेबाराला! आता ही काय यायची वेळ आहे? साहेबांनी मशीनवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, लिहिलं, 'धूळ आढळली.' तुम्हाला सांगतो, आयुष्यात धुळीचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता! म्हटलं, झालं काम, शेड वाचली... आणि मागच्या दारातून आमच्या सौभाग्यवती, लताबाई आल्या.

घर शेडच्या मागंच आहे आमचं. लताबाईंचं माहेर धुळ्याकडचं, तिकडं शत्रू जरी दारात आला तरी आधी पाट मांडतात, भांडण नंतर. मी डोळ्यांनी खुणावतोय, नको, नको... तर मोठ्यानं विचारते, "डोयामा काय गयं तुम्हना?" आत ओढून नेलं, म्हटलं, अगं, आपण बुडालोय हे बघायला आलाय तो! "मंग? दारमा उना माणूस उपाशी धाडसू का मी?"

बसले साहेब. वरणबट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, आणि बट्टीवर तूप असं की बट्टी दिसेना. मी म्हणतोय, तूप कमी, तूप कमी, ती म्हणते, बोलू नका, पाहुण्यासमोर शोभत नाही. तिसऱ्या बट्टीला साहेब बोटं चाटत म्हणाले, "वहिनी, वरण काय सुरेख! डाळ कुठली?"

आता खरं सांगतो, हसायचं नाही. दहा महिने माझ्या घरात किराणा दुकानाची पाकिटातली डाळ येते. डाळमिलवाल्याच्या घरात! तीही जवळच्या दुकानातून नाही, तीन गल्ल्या लांबून आणतो, पिशवीत खाली पाकीट अन् वर कोथिंबीर, कोणी बघू नये म्हणून. आणि लताबाई ताठ मानेनं म्हणते, "घरनी शे, साहेब! आपलीच मिलनी! कालदिनच काढी!"

साहेबांनी हात धुतला, पुसला, पेन काढलं. 'मिल चालू. काल उत्पादन झाले. नमुना तपासला, दर्जा उत्तम.' अर्ज नामंजूर! माझ्याच तीन बट्ट्या खाऊन! अरे, नमुना तपासलास तर तूपही तपासलं असशीलच ना, त्याचं का नाही लिहिलं?

गेलो वरच्या ऑफिसात अपिलाला. लाज गुंडाळून ठेवली, म्हटलं, साहेब, ती डाळ पाकिटाची होती. ते म्हणाले, "पुरावा?" म्हटलं, पाकीट! "मग ठेवा समोर. दुसरे अधिकारी येतील, घरात दुकानची डाळ दिसली की अर्ज मंजूर. सवलत आहे हो, घ्या ना!"

म्हणजे माझ्या बापाची शेड एका पाकिटावर टांगली होती. आज ते अधिकारी येणार म्हणून सकाळीच न फोडलेलं पाकीट आणलं, लालभडक अक्षरात दुसऱ्याच मिलचं नाव, अन् ठेवलं समोरच्या खोलीत, मधोमध. लताबाईला बजावलं, आज तोंडातून शब्द नाही. नुसती पाकिटाकडे बघत राहिली, मग भिंतीकडे, आणि हळूच म्हणाली, "मामांजीना फोटोसमोर हाई ठेवतस का तुम्ही?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. साडेबारा! मी बापाच्या फोटोकडे बघितलं... तुम्हाला सांगतो, हात माझेच होते, दुसऱ्या कोणावर ढकलणार नाही. पाकीट फाडलं, डाळ डब्यात ओतली, पाकीट बट्ट्यांच्या निखाऱ्यात घातलं.

जेवता जेवता नव्या साहेबांनीही विचारलंच, "डाळ कुठली?" लताबाई गप्प, बजावलं होतं ना! शेवटी मीच म्हटलं, "घरचीच, साहेब. कालच काढली. अजून एक बट्टी घ्या."