खंडेनवमीची बंद मशीनं

मंडळी, आलात, बरं केलंत. सतरंज्या पुरल्या नाहीत, दाटीवाटीने बसलात, सांभाळून घ्या. मी कदम. इथे कांजूरच्या या शेडमध्ये तांबे मास्तर पोरांना लेथ शिकवायचे आणि शेजारी मी वेल्डिंग. मला भाषण येत नाही. त्यात आज डोक्यात राग आहे.

मागे काय कुजबुज चाललीय ती ऐकू येते मला. "हा माणूस इथे कशाला आला?" पुढे खुर्चीवर बसलेल्या साहेबांबद्दल बोलताय ना? बसा खाली. बसा म्हटलं ना. मास्तरांच्या फोटोसमोर कोणी आवाज चढवायचा नाही. आलेत, तर ऐकून जातील.

काही जणांना माहीत नसेल, म्हणून सांगतो. गिरण्या बंद पडल्या, घरोघरी तरणी पोरं रिकामी बसली, तेव्हा सरकारी अनुदानावर हा वर्ग सुरू झाला. हेच साहेब अनुदानाच्या तपासणीला आले ते नेमके खंडेनवमीला. मशीनं धुतलेली, झेंडूच्या माळा घातलेली, सगळी बंद. साहेब म्हणाले, "एक लेथ चालू करून दाखवा, वर्ग चालू आहे असं लिहितो." एवढंच.

मास्तर म्हणाले, "आज नाही साहेब. आज आम्ही हत्याराला हात लावत नाही. उद्या दसऱ्याची सुट्टी, परवा सकाळी या, कानठळ्या बसतील."

दसरा झाला, पण साहेब आले नाहीत. मशीनं वापरात नाहीत, असा शेरा वर गेला. अनुदान थांबलं. वाट लागली आमची.

मी मास्तरांशी भांडलो. म्हटलं, "अहो, तुम्ही स्वतः तर पूजाही करत नाही. बटण दाबलं असतं तर काय बिघडलं असतं?" तर म्हणाले, "कदम, माळा पोरांनी घातल्यात रे. त्यांच्यादेखत ओरबाडून काढू? मग मशीनची कदर करा म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?" मला तेव्हा पटलं नाही. खरं सांगतो, आजही पुरतं पटलेलं नाही. हट्टी माणूस.

पण हा हट्टी माणूस बिनपगारी शिकवत राहिला. ऑफिसात खेटे घालत राहिला. परवा सकाळी शेडचं कुलूप उघडताना छातीत कळ आली, आणि गेले. किल्ली कुलपातच राहिली. आता सोमवारी टेम्पो येणार, सरकारी लेथ उचलून न्यायला. मग ही पोरं कुठे जाणार? नाक्यावर?

साहेब, तुम्ही आलात, ते विसरणार नाही. पण नुसता हार घालून जाऊ नका. टेम्पो थांबवा. आणि उद्या सकाळी या, मास्तरांनी बोलावलं होतं तसे. पोरं चालवून दाखवतील.

आता सगळे उभे राहूया. मास्तरांसाठी दोन मिनिटं, कोणी बोलायचं नाही. बघा, आजही इथली सगळी मशीनं बंद आहेत. साहेब, आज ती का बंद आहेत, तेवढं नीट लक्षात ठेवा.