लॅमिनेट केलेली चिठ्ठी

"चिठ्ठीला प्रश्न विचारायचे नसतात, इशू!"... हे आमच्या दुकानाचं पहिलं कलम, आणि दुसरं कलम असं की पहिल्या कलमालाही प्रश्न विचारायचे नसतात! अहो, मग मी चार वर्षं बी. फार्म.ला काय पिशव्यांना गाठी मारायला शिकत होते? कमलाकांतकाकांचं औषधांचं दुकान, अमरावतीत. काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, शिक्षण बी. कॉम., आणि गोळ्या मात्र हयातभर देत आलेत. माझ्याआधी ज्या गृहस्थांचं फार्मासिस्टचं प्रमाणपत्र भिंतीवर लटकत होतं ना, ते स्वतः सेमाडोहला पर्यटकांना जिप्सीतून वाघ दाखवत होते! माणूस मेळघाटात, प्रमाणपत्र अमरावतीत... मग औषधं तपासत कोण होतं, वाघ? आता तिथे माझं प्रमाणपत्र आहे, गणपतीच्या शेजारी, सोनेरी फ्रेममध्ये, आणि तुम्हाला सांगते, काका रोज सकाळी त्याला उदबत्ती ओवाळतात. प्रमाणपत्राला उदबत्ती, आणि प्रमाणपत्रवालीनं तोंड उघडलं की, "इशू... चिठ्ठीला प्रश्न विचारायचे नसतात!"

का नसतात हो? चिठ्ठी म्हणजे काय आकाशवाणी आहे? कोणाला, किती वयाच्या माणसाला, कशासाठी, कोणतं औषध, किती ताकदीचं, दिवसातून किती वेळा, किती दिवस, आणि खाली डॉक्टरची सही, नोंदणी क्रमांक, तारीख. एका माणसानं एका माणसासाठी एका दुखण्यापुरतं लिहिलेलं ते. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा आपण घालतो का? नाही घालत. पण दुसऱ्याच्या गोळ्या? त्या आपण शेजारधर्म म्हणून वाटतो! आणि पट्टीवर ती लाल रेघ असते ना, ती म्हणजे डॉक्टरला विचारल्याशिवाय हे गिळू नका, बाबांनो. मी काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पट्टी उजेडात धरून इकडून तिकडून पाहिली आणि म्हणाले, "मला वाटायचं डिझाइन आहे."

तर परवा दुपारी आले शालिकरामकाकाजी. भातकुलीकडचे, वांगी, मेथी, पालक पिकवतात, आणि आमच्या काकांचे जुने दोस्त. सोबत बायको शकुनकाकू आणि सून हर्षा. हर्षा माझ्याच वयाची असेल, सातवा महिना, येऊन जी बाकावर टेकली ती भिंतीला डोकं लावून डोळेच मिटले तिनं. काकाजींनी आधी वांग्यांची पिशवी काउंटरवर ठेवली, मग खिशातून चिठ्ठी काढली. आणि चिठ्ठी कशी? लॅमिनेट केलेली! आधार कार्डासारखी, कडक, चकचकीत!

"अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरची हाय. पान्यात भिजू नाही म्हणून करून घेतलं. लय गुनकारी चिठ्ठी हाय पोरी, आमच्या गल्लीत चौघाइले फरक पडला!"

चौघांना! एका चिठ्ठीत! मी वाचली. नाव शालिकराम, वय साठ, पुरुष, गुडघेदुखी, दुखणं थांबवायच्या जोरदार गोळ्या, पाच दिवस. तारीख? मागच्या दिवाळीच्याही मागची.

म्हटलं, "काकाजी, तुमचा गुडघा दुखतोय का?"

"माहा नाही. सुनेचं डोकं दुखून राहिलं."

"मग ही चिठ्ठी तुमची आहे. गुडघ्याची आहे."

"दुखनं ते दुखनंच ना? गुडघ्याचं काय अन् डोक्याचं काय!"

"आणि तारीख?"

"तारीख गोयीच्या पट्टीवर पाहा ना! चिठ्ठीले काहून लागते तारीख? कागद काय सडते?"

कायदा असा की औषध एकदा दिलं की चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख टाकायची, म्हणजे तीच चिठ्ठी घेऊन माणूस जन्मभर फिरणार नाही. हिच्यावर आजवर एकही शिक्का कसा नाही? म्हणून मी एक मारून पाहिला. तर काकाजींनी धोतराच्या सोग्यानं पुसून टाकला, आणि वर मलाच दाखवतात, "पाहा, कसं साफ झालं! डागबी नाही!" असा मुलुख आहे आमचा! सरकारनं कायदा केला, लोकांनी त्यावर प्लास्टिक चढवलं!

आणि आमचे काका? वांग्यांची देठं दाबून पाहत होते. तिथूनच म्हणाले, "इशू, दे एक पट्टी. समोरच्या दुकानातून घेतीलच ते. चिठ्ठीला प्रश्न विचारायचे नसतात."

म्हटलं ठीक. चिठ्ठीला नाही विचारत, माणसाला विचारते. "हर्षा, तुला नेमकं काय होतंय गं?"

शकुनकाकू म्हणाल्या, "तिले काय होते? काम नको, दुसरं काय!"

"काकू, मी हर्षाला विचारलं. हर्षा, कधीपासून दुखतंय?"

काकाजी म्हणाले, "कालपासून."

"काकाजी, डोकं तुमचं दुखतंय का?"

तुम्हाला सांगते, एक बाई समोर बसलीय, तिला तोंड आहे, जीभ आहे, आणि तिच्या डोक्यात काय होतंय हे सासऱ्याला माहीत, सासूला माहीत, अकोल्याच्या डॉक्टरनं गुडघा पाहून लिहिलं ते लागू, फक्त तिलाच कोणी विचारायचं नाही! मला तेव्हा कळलं हो. कलम चिठ्ठीचं नव्हतंच. कलम मोठ्यांचं होतं, चिठ्ठी नुसती पुढे केलेली.

मी काउंटरच्या बाहेर आले. तिच्या शेजारी बसले. तिनं डोळे उघडले, एकदा सासूकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "चार दिवस झाले, ताई. डोयासमोर काजवे चमकते. अन् या बांगड्या पाहा, निघूनच नाही राहिल्या." हात सुजलेले. तोंडही सुजलेलं. मी तिचा पाय दाबून पाहिला, तर बोटाचा खड्डा तसाच!

सातव्या महिन्यात डोकं, काजवे, सूज... हे रक्तदाबाचं लक्षण असू शकतं, आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतणारं! आणि त्यावर या गोळ्या? या दिवसांत अशा गोळ्या बाळाच्या हृदयाला त्रास देऊ शकतात, दाब आणखी चढवू शकतात. पाच दिवस घरी डोकं दाबत बसली असती ती पोरगी. चिठ्ठी गुणकारी म्हणून!

उभी राहिले. म्हटलं, "मी देणार नाही."

काका म्हणाले, "इशू, एका पट्टीनं काय होतंय?"

"नाही देणार. आणि काका, तुम्ही दिलीत तर तिच्या हातातून काढून घेईन, इथेच, सगळ्यांसमोर. काकाजी, तुम्ही मला वाट्टेल ते बोला, पण आधी हिला दवाखान्यात न्या. आत्ता. घरी नाही, देवाला नाही, समोरच्या दुकानात नाही. तिथे पहिलं वाक्य सांगायचं की सातवा महिना आहे आणि डोळ्यांसमोर काजवे येतात. आणि ते हर्षा सांगेल, तुम्ही नाही!"

शकुनकाकूंचा घाम पुसणारा पदर अर्ध्यावरच राहिला, काकाजींचं तोंड उघडं, काकांच्या हातात वांगं. हर्षाच उठली, भिंतीला धरत बाहेर गेली आणि जाऊन समोरच्या ऑटोत बसली आणि म्हणाली, "दवाखान्यात घ्या." मग ते दोघं निमूट तिच्या मागे.

मला वाटलं, आता काका काहीतरी बोलतील. शाबासकी सोडा, निदान ओरडतील तरी! नाही. काका उठले, शांतपणे बटणांपाशी गेले, माझ्या डोक्यावरचा पंखा बंद केला आणि येऊन आपल्या पंख्याखाली बसले. मे महिना, अमरावती, भर दुपार... बसले मी तशीच, घाम पुसत.